सफरचंद उंद्रीचं

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सफरचंद खायला बुलढाणा जिल्ह्यात निघाले आहे, असं मी जाहीर केलं तेव्हा घरात सगळ्यांनी हातातली कामं सोडली. मग धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, तिथं सफरचंद नसतं, ऊन असतं." सून म्हणाली, खायचीच आहेत तर मी कोपऱ्यावरून आणून देते. मुलाने तिथलं तापमान मोबाइलवर काढून माझ्या नाकासमोर धरलं. मला एखादी गोष्ट करू नको म्हटलं की ती केल्याशिवाय माझ्या जिवाला चैन पडत नाही, हे या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तरी दर वेळी तीच चूक करतात. मी त्याच संध्याकाळी बॅग भरली.

या प्रवासाचं मूळ पुण्याच्या एका शेती प्रदर्शनात. आम्ही तासगावकडचे, द्राक्षवाले. औषधांच्या आणि अवजारांच्या त्या गर्दीत एक बाई रोपवाटिकेच्या स्टॉलवर विक्रेत्याशी भांडत होती. तो सांगत होता की सफरचंदाचं रोप लावायचं, पाणी द्यायचं, बस, फळं येतात. बाई म्हणाली, "अन् पानं कोन तोडते मंग? तुमी येता का तोडाले?" भांडणारी बाई दिसली की मी थांबते. तासाभराने आम्ही दोघी एका पोत्यावर बसून भेळ खात होतो. नाव शोभाताई, गाव उंद्री, तालुका चिखली. त्यांच्या विहिरीजवळ सफरचंदाची झाडं उभी होती. जात 'अ‍ॅना'. इस्रायलमध्ये गरम हवेसाठीच तयार केलेली, बर्फ न मागणारी, चार दिवसांच्या बऱ्या थंडीवर भागवणारी. मध्ये मध्ये 'डॉर्सेट' जातीची थोडी झाडं, परागीकरणाला. "मे महिन्यात या," त्या म्हणाल्या, "झाडाखाली बसवून खाऊ घालते." मी त्यांचा शब्द धरून बसले.

मलकापूर ते बुलढाणा

बुलढाण्याला रेल्वे नाही. मलकापूरला उतरायचं आणि एसटी धरायची. मलकापुरात उतरले तेव्हा सकाळचे दहाही वाजले नव्हते, पण बसस्टँडवरच्या बाकावर टेकले तर लगेच उठावं लागलं, इतकं ते तापलेलं. शेजारच्या बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं, पिशवीतून एक कांदा काढला आणि माझ्या हातात ठेवला. खायचा नाही, पदरात बांधून ठेवायचा, म्हणजे ऊन बाधत नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात पाहुण्याला ताक देतात. इथे अनोळखी माणसाला कांदा देतात. मी तो मुकाट्याने पदरात बांधला.

गाडीत प्रत्येकाने विचारलं, "लोणारले चालल्या का?" परगावचं माणूस इकडे आलं म्हणजे लोणारचं सरोवर बघायलाच, असा हिशेब. मी म्हटलं, नाही, सफरचंद बघायला. पुढच्या तीन बाकांवरची माणसं मागे वळली. कंडक्टर तिकिटं फाडायचा थांबला आणि गंभीर चेहरा करून म्हणाला, "कोन भरती हाये बाई दवाखान्यात?"

मला आधी कळलंच नाही. मग लक्षात आलं की सफरचंद हे इथे फळ नव्हेच, ते आजाऱ्याला भेटायला जाताना न्यायची वस्तू आहे. तसं ते आमच्याकडेही आहे म्हणा, पण आमच्याकडे निदान उपासाला तरी खातात. घाट चढून गाडी वर पठारावर आली, वारा जरा माणसात आला, तरी गाडीतली निम्मी माणसं माझ्याकडे सहानुभूतीनेच बघत होती. मीही मग खुलासा करायचा सोडून दिला.

उंद्री

चिखलीला गाडी बदलून उंद्रीला उतरले तर शोभाताईंचे यजमान गजाननराव मोटरसायकल घेऊन उभे. माणूस मितभाषी. घरापर्यंत एकच वाक्य बोलले: "आमच्या दादासमोर सेबाचा विषय काढू नका."

दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ बाबाराव. साठीचे, ताठ, कधीकाळचे सरपंच, आवाज असा की अंगणात बोलले तर वेशीवर ऐकू जावं. तो विषय मी अर्थातच पहिल्या जेवणातच काढला. पानात निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे जाड रोडगे, वरण आणि हिरव्या मिरचीची भाजी होती. मिरचीचा ठेचा नव्हे, भाजी; आपण वांग्याची करतो तशी मिरचीची. आम्ही तासगावचे लोक तिखट खातो अशी माझी समजूत होती. दुसऱ्या घासाला मी तांब्या उचलला, तो रिकामा झाल्यावरच खाली ठेवला आणि म्हटलं, दादा, तुमची सफरचंदं बघायला आले आहे.

"माही नाहीत थे," बाबाराव म्हणाले. "तिची हायेत."

मग सगळी हकीकत समजली. जमीन सामाईक. विहिरीजवळचा चांगला तुकडा शोभाताईंनी सासऱ्यांच्या हयातीतच हट्टाने मागून घेतला आणि त्यात सफरचंद लावलं. बाबाराव तेव्हापासून धुमसत होते. चार माणसांत लोक त्यांना विचारायचे, काय दादा, उंद्रीचं काश्मीर झालं म्हणे. शेवटी त्यांनी अट घातली: यंदाचा माल चिखलीच्या बाजारात विकला गेला तर झाडं राहतील, नाही तर पाऊस पडायच्या आत ती उपटायची आणि तिथे सोयाबीन पेरायचं. घरातल्या सगळ्यांनी मान डोलावली होती, शोभाताईंनीसुद्धा. बाजार दोन दिवसांवर आला होता आणि मी नेमकी त्यात येऊन पडले होते.

संध्याकाळी ऊन कलल्यावर मळ्यात गेलो. लांबून मला वाटलं, कोणाचं तरी लग्न आहे. बांधाभोवती जुन्या साड्या ताणून बांधलेल्या, लाल, पिवळ्या, जांभळ्या. रानडुकरं साडीला बुजतात म्हणे. आतल्या झाडांवरही पश्चिमेच्या बाजूने साड्या टाकलेल्या, फळं उन्हाने करपू नयेत म्हणून. एका झाडावर शोभाताईंची लग्नातली साडी होती. तिच्याखाली फळं लटकलेली: हिरवट-पिवळी, एका गालावर तेवढी लाली. चित्रातल्यासारखं लालभडक काही नव्हतं. मी हिमाचलमध्ये सफरचंदाच्या बागा पाहिल्या आहेत. तिथे झाडाला सगळं आयतं मिळतं. इथे डिसेंबरात बाईमाणसं झाडाचं एकेक पान हाताने ओरबाडून काढतात, म्हणजे झाडाला वाटतं की कडक हिवाळा येऊन गेला, आणि ते फुलतं. पहिल्या वर्षी शोभाताई हिरवीगार पानं खुडायला लागल्या तेव्हा गावाने ठरवलं की बाईच्या डोक्यावर परिणाम झाला.

"अन् मागच्या साली?" मी विचारलं. मागच्या वर्षी फळं फारच कमी धरली होती, हे त्यांनी मला फोनवर सांगितलं होतं.

शोभाताईंनी आधी घराच्या दिशेने पाहिलं, मग सांगितलं. बाबारावांनी जन्मभर संत्रा केला. संत्र्याला बहार धरायचा तर पाणी तोडून ताण द्यावा लागतो. झाड सुकतं, मग पाणी सोडलं की फुलांनी भरतं. मागच्या वर्षी शोभाताई माहेरी गेल्या असताना सफरचंद फुलायला लागलं होतं. बाबारावांनी जाऊन ठिबकच्या तोट्या बंद केल्या. वैराने नव्हे, मदत म्हणून. त्यांना वाटलं, या पोरीला ताण द्यायचंही समजत नाही. शोभाताई परत आल्या तेव्हा फुलांचा खाली सडा पडला होता. "त्यायनं कधी म्हटलं नाही, अन् मी कधी काढलं नाही," त्या म्हणाल्या. हे ऐकता ऐकता मी बुड टेकायला जागा शोधली, ती नेमकी ठिबकच्या नळीवर. तोटी उडाली आणि पाण्याची चिळकांडी थेट माझ्या पाठीवर. उंद्रीत त्या दिवशी गार वाटलेली तेवढीच वेळ.

त्यांनी पाच-सहा फळं तोडून बादलीत घातली, बादली विहिरीत सोडली आणि थोड्या वेळाने वर ओढली. मी झाडाखाली बसून पहिला चावा घेतला. कडक, पाणीदार, आणि गोडाआधी आंबट. दुकानातलं सफरचंद नुसतंच गोड असतं, दोन घासांत कंटाळा येतो. हे दुसरा चावा मागतं. मी तीन खाल्ली आणि चौथ्याला हात घातला.

मागच्या वर्षीच्या त्या थोड्या फळांची कथाही तिथेच कळली. पहिली तोडणी झाली की चार घरी वाटायची, ही रीत. शोभाताईंनी हौसेने चुलत सासूबाईंकडे दोन सफरचंदं नेऊन दिली. म्हातारीने ती हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि म्हणाली, "मले काय झालं? डाक्टरनं तुले सांगतलं न् मले नाही सांगतलं काय?" समजूत घालायला गेल्या तर म्हातारी रडायलाच लागली. शेजारणीने भिंतीवरून ऐकलं. संध्याकाळपर्यंत म्हातारीच्या लेकीचा फोन, जावयासह रात्रीच्या गाडीने येऊन राह्यलो म्हणून. म्हातारी अजून खणखणीत आहे, मला स्वतः भेटली. सफरचंदाला मात्र ती हात लावत नाही.

चिखलीची आडत

बाजाराच्या आदल्या दिवशी आम्ही चौघं टेम्पोतून नमुन्याची टोपली घेऊन चिखलीच्या एका आडत्याकडे गेलो. गजाननराव, शोभाताई, मी आणि अट घालणारे स्वतः बाबाराव. आडत्याने फळ दाबून पाहिलं, वास घेतला, चावलं. माल चांगला आहे, असं त्याने लगेच कबूल केलं. सगळा उचलतो म्हणाला. मग आतून एक रिकामी पेटी मागवली, डोंगराचं चित्र असलेली, आणि स्टिकरचा एक गठ्ठा. या पेट्यांत पातळ कागदात गुंडाळून भरायचं, प्रत्येक फळाला स्टिकर लावायचं. या दिवसांत पहाडातला माल शीतगृहातला असतो, त्यात हाही खपून जाईल. "चव कोन पाह्यते बाई," तो म्हणाला, "पेटी पाह्यतात."

बाबारावांनी सुटकेचा श्वास सोडलेला मी पाहिला. ते खुशीत म्हणाले, चला, विकल्या गेलं, अट पुरी झाली, झाडं राहिली. आणि खरोखरच झाडं राहिली होती, शोभाताईंनी फक्त हो म्हणायचं होतं. गजाननराव बायकोकडे बघत होते. मला काही बोलायचा हक्क नव्हता, तरी तोंड उघडणार होते. आमच्याकडे द्राक्षाच्या पेटीवर गावाचं नाव ठसठशीत छापतात आणि ते पुसलं तर भांडणं होतात. पण मला बोलावं लागलं नाही.

शोभाताईंनी तो स्टिकरचा गठ्ठा उचलला, पाहिला आणि परत ठेवला. "माह्या झाडाले दुसऱ्याच्या बापाचं नाव लावू?"

"नाव काय खातात?" बाबाराव म्हणाले.

"मले नाव पाह्यजे, दादा. नाही विकले तर खुशाल उपटा झाडं. मी अडवत नाही. पन विकीन तं उंद्रीचे म्हनूनच विकीन."

आडत्या हसला. बाबाराव इतके संतापले की परतताना टेम्पोत पुढे न बसता मागे टोपलीजवळ बसले, उन्हात. मी मनात म्हटलं, बसा.

बाजाराचा दिवस

आठवडी बाजारात एका टरबूजवाल्याशेजारी आम्ही ताडपत्री अंथरली आणि सगळ्या मालाच्या टोपल्या मांडल्या. शोभाताईंनी एका पुठ्ठ्यावर खडूने लिहिलं, 'उंद्रीचे सफरचंद', आणि तो टोपलीला टेकवला. गजाननरावांनी तराजू लावला. मी पदर खोचून तयार.

सकाळभर कोणी घेईना. थांबायचे सगळे. हात लावायचे, हसायचे. हे हिरवं काऊन? कच्चं तोडलं काय? जाम आहे का? इकडे पेरूला जाम म्हणतात. कोणी विचारलं, आजारी माणसाले चालते काय? शोभाताई म्हणाल्या, धडधाकट माणसाले चालते. एक गृहस्थ फळ हातात घेऊन मला म्हणाले, बाई, सेब शिमल्याले होते, इथं झालेलं म्हणजे नकली. मी त्यांना विचारलं की तुम्ही कुठे झालात, आणि तुम्हाला कोणी नकली म्हटलं तर चालेल का. ते निघून गेले. गजाननराव हळूच म्हणाले, "गिऱ्हाईक होतं, ताई." मी फळं पुसायला घेतली.

दुपार चढत गेली. शेजारचा टरबूजवाला मात्र सारखा विकत होता. टरबुजात सुरी घालून त्याची त्रिकोणी फोड काढायची, लाल आहे बघा म्हणून दाखवायची, चाखायला द्यायची. मग गिऱ्हाईक जात नाही. शोभाताई बराच वेळ ते बघत होत्या. मग उठल्या, त्याच्याकडून सुरी मागून आणली आणि एका सफरचंदाची तशीच फोड काढली. गजाननरावांनी पलीकडच्या जामवालीकडून मीठ-तिखटाची पुडी आणली. फोड मीठ-तिखटात बुडवून पहिल्या येणाऱ्या बाईच्या हातात. सफरचंदाला मीठ-तिखट लावलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. त्या बाईने खाल्लं, डोळे बारीक केले, अजून एक मागितलं आणि म्हणाली, "अर्धा किलो दे."

तिथून गाडं हललं. झुंबड नाही, पण माणसं थांबायला लागली. तहानेलेल्या माणसाला ते आंबटगोड पाणी आवडत होतं. कोणी शिमला विचारेनासं झालं. मी कापत होते, शोभाताई मोजत होत्या, हात चिकट, डोळ्यात तिखट.

बाबाराव आलेले होते. पलीकडे कडुनिंबाखाली चहाच्या टपरीवर उभे, आपण यांचे कोणीच नाही असे. अटीवर नजर ठेवून. तेवढ्यात कालचा आडत्या दोघा व्यापाऱ्यांबरोबर तिथून चालला होता. त्याने पुठ्ठा वाचला आणि त्यांना दाखवत मोठ्याने म्हणाला, "हे पाहा. मी पेट्या देत होतो. आता उंद्रीचे सेब कोन खाईन?" दोघे हसले. "उंद्रीत काय पिकते? पिकते तं सोयाबीन."

मला उत्तर सुचलं होतं, पण मी तोंड उघडायच्या आत कडुनिंबाखालून तो आवाज आला.

"काऊन बे? उंद्रीत काऊन नाही पिकनार?"

बाबाराव कप टपरीवर आपटून आले. सरपंचकीचा सगळा आवाज त्यांनी बाहेर काढला होता. आडत्याला म्हणाले, तू मापात राहा, उंद्रीच्या विहिरीचं पाणी तू पाहिलं काय, उंद्रीचा संत्रा तुह्या बापानं या बाजारात विकला तेव्हा तुले उंद्री चालत होती. आडत्या म्हणाला, दादा, मी मजाक करून राह्यलो. बाबारावांनी टोपलीतलं एक सफरचंद उचललं आणि तिथेच, सगळ्यांसमोर, कचकन चावलं. माझ्या लक्षात आलं की त्यांनी ते आयुष्यात पहिल्यांदा खाल्लं असावं. ते चावत राहिले, थांबले, पुन्हा चावले. मग ताडपत्रीवर मांडी घालून बसले आणि ओरडले, "उंद्रीचे सेब. घ्या उंद्रीचे सेब."

त्या आवाजाला अर्धा बाजार वळला. गजाननरावांना तराजू आवरेना. दिवस मावळायला आला तेव्हा टोपल्यांच्या तळाशी थोडी डागी फळं उरली होती, ती शोभाताईंनी टरबूजवाल्याला सुरीबरोबर देऊन टाकली.

परतताना टेम्पोत बाबाराव पुढे बसले. उंद्रीच्या फाट्यावर ते मागे न वळता भावाला म्हणाले, "गजानन, उद्या सोयाबीनसाठी वखर काढशीन तं विहिरीजवळच्या तुकड्यात नेऊ नको."

गजाननरावांनी मान हलवली. मी शोभाताईंकडे पाहिलं. मला वाटलं, आता त्या डोळ्यांना पदर लावतील. त्यांनी पदरानं हातावरचं तिखट पुसलं आणि म्हणाल्या, "त्याच्या वरच्या पट्ट्यातही नेऊ नका मंग. हिवाळ्यात तिथं अजून लावाचे हायेत. रोपं सांगून ठेवली मी."

आता बाबाराव वळले. "केव्हा सांगतली?"

"तुमी अट घातली न, दादा. त्याच दिवशी."